नाक्यापर्यंतची मोटर

अण्णा,

तुझी शोकसभा झाली. कोर्टाच्या आवारात वकिलांच्या खोलीत सगळे जमले होते. बायकांना तिथं काय काम, म्हणून वहिनी आणि मी घरीच होतो. आपला धाकटा वसंता हैदराबादहून आला होता, तो जाऊन आला आणि ओसरीवर बसून त्यानं आम्हाला सगळं सांगितलं. तुझ्या उर्दूची सगळ्यांनी तारीफ केली. इंग्रजी कोर्टात आल्यावर म्हातारे वकील घरी बसले आणि तू मात्र पन्नाशीला टेकलेला असताना रात्री इंग्रजी घोकायचास, हे कुणीतरी सांगितलं. पोलीस ॲक्शननंतर ज्या मुसलमान बायकांचं कुणी उरलं नव्हतं त्यांची घरं तू परत मिळवून दिलीस, हेही निघालं. एक म्हातारा मुन्शी ते सांगताना रडला म्हणे. सगळं खरं आहे. त्यातलं एक अक्षरही मी खोडणार नाही.

पण तिथं तुझ्या मोटरीचाही विषय निघाला. वकीलसाहेबांना एकच षौक होता, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हळूच हसले. वसंताही सांगताना हसला. मी उठून आत गेले. त्या मोटरीचं तुझ्याशिवाय फक्त मला ठाऊक आहे, आणि ते मी सभेत सांगितलं असतं तर तुझा फोटो त्यांनी भिंतीवर उलटा लावला असता. की माझ्याकडंच उलटं बघितलं असतं? ते जास्त खरं.

मोटरीच्या आधीचं सांगते, नाहीतर तू म्हणशील मालीला उपकारांची आठवण नाही.

उदगीरला माझ्या नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा मला कुणी हाकललं नव्हतं. सासूबाई चांगल्या शब्दांत म्हणाल्या होत्या, मोठी म्हणून राहा, स्वयंपाकघर तुझंच. मीही राहणार होते. जाणार कुठं? आई-अप्पा गेलेले, घर तुझं, तुला तुझा संसार. तू आलास, ओसरीवर बसलास, त्यांनी दिलेला चहा प्यायलास. त्यांचं सगळं ऐकून घेतलंस, वकील अशिलाचं ऐकतो तसं. मग मला हाक मारलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "चल माले, चपला घाल." एवढंच. ट्रंक घ्यायलाही थांबला नाहीस. बसमध्ये मी रडत होते आणि तू खिडकीतून बाहेर बघत होतास. बीदर येईपर्यंत तू एकच वाक्य बोललास. "सवतीच्या हाताखाली माझी बहीण राहायची न्हाई."

मग तूच मला शिकायला बसवलंस, परीक्षा द्यायला लावलीस, मुलींच्या शाळेत चिकटवलंस. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, टाकलेली बाई मास्तरीण झाली, पोरींना काय शिकवणार. तू उंबऱ्यात उभा राहून त्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "वाचायला शिकवेल. तुमच्या पोरींना पाठवा." त्या दिवसापासून मला वाटत आलं की तुला कुणाचीच भीती नाही. तिथंच मी चुकले. तुला भीती होती. फक्त ती कुठं राहते ते मला कळलं नव्हतं.

मोटर आली तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली होती. सिकंदराबादहून तू एकटा चालवत आला होतास, भुवयांवर लाल धूळ, दात तेवढे पांढरे. वकिलानं चारचौघं बसतील अशी मोटर घ्यावी, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तू घेतलीस दोन माणसांची. विलायती, नवी कोरी, गर्द हिरवी, उघडी, जमिनीला इतकी लागून की आत बसलं की समोरच्या म्हशीच्या पोटाखालचं दिसायचं. पोरांनी तिला होडी नाव दिलं. वहिनीनं ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि पापनाशाच्या महादेवाला तेवढी एकदा तुझ्याबरोबर गेली. आली ती पदर दोन्ही हातांनी धरून. म्हणाली, "ह्यांच्या होडीत मी परत बसायची न्हाई. डोक्यावरचा पदर सांभाळू का देवाचं नाव घेऊ?"

म्हणून दुसरी जागा माझी झाली. तुला शेजारी कुणीतरी लागायचंच. एकट्यानं मोटर चालवण्यात तुला मजा नव्हती, कौतुक करायला माणूस हवा होता.

मला कौतुक करता आलं नाही. मोटर छान होती, चालवणारा नव्हता. हे आता बोलते. हैदराबादेत शिकत असताना एका श्रीमंत मित्राच्या गाडीवर तू जे काही शिकला होतास तेवढ्यावर तुझं चाललं होतं. चढ आला की तू खालच्या गिअरमध्ये यायला बघायचास आणि आतून करकर असा आवाज यायचा, पितळी भांडं फरशीवर ओढल्यासारखा. तू म्हणायचास, नवी आहे, बसेल हळूहळू. रविवारी सकाळी आपण हुमनाबादच्या रस्त्यानं नौबादच्या पुढं कोळारच्या माळापर्यंत जायचो. तिथं नुसता लाल जांभा दगड, खुरटं गवत आणि वारा. एका रविवारी तिथं वळण घेताना मोटर तशीच ओरडली आणि मी म्हणाले, "अण्णा, तू घाई करायलास. इंजिनाचा आवाज खाली यायच्या आत गिअर ओढायलास."

तू ब्रेक लावलास. उतरलास. फेरी मारून माझ्या बाजूला आलास. रागानं म्हणालास, "मग तूच कर."

मी करीन असं तुला वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा मोटर उडी मारून बंद पडली. मग परत. मग परत. प्रत्येक वेळी तू डॅशबोर्डला हात टेकायचास आणि म्हणायचास, दगडावर मोटरीचं तोंड फुटेल. पण चार-पाच वेळा झाल्यावर तुझा राग गेला आणि तू शिकवायला लागलास. ते मात्र तुला चांगलं जमायचं, अण्णा. स्वतःला जे करता येत नव्हतं ते तू मला नीट समजावून सांगितलंस. चपला काढायला लावल्यास. म्हणालास, बाटाच्या चपलेला काय कळणार, उघड्या पायाला कळतं. गोल पातळाचा घोळ गुडघ्याखाली खोचायला सांगितलास आणि तेवढ्यापुरतं तोंड दुसरीकडं केलंस. "क्लच सोडायचा म्हणजे दुधावरची साय काढायची. एका जागी ती वर येती. तिथं थांब. जरा पेट्रोल दे. मग सोड."

साय वर आलेली मला तळपायाला कळली. मोटर थरथरली आणि चालायला लागली. माळावर मी ती नुसती सरळ नेली. दूरवर शेळ्या होत्या, त्यांच्या दिशेनं. तू "वळव, वळव" म्हणत होतास आणि हसत होतास. लग्नात, उदगीरला, शाळेत, आजवर कधीच असं झालं नव्हतं की मी पाय हलवला आणि माझ्यासकट एवढं मोठं काहीतरी पुढं गेलं.

पुढचे रविवार मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपायचे. तू शिकवलंस, मी शिकले. खालच्या गिअरमध्ये येताना क्लच एकदा दाबून भागत नाही, दोनदा दाबावा लागतो, मध्ये इंजिनाला किंचित डिवचावं लागतं, हे तू एका इंग्रजी पुस्तकात वाचून आलास. स्वतः करायला गेलास आणि भांडं ओढल्याचा आवाज आला. मग मला सांगितलंस. मला चौथ्या-पाचव्या वेळी जमलं. गिअरची दांडी हातात लोण्यात सुरी जावी तशी गेली.  तू नुसता माझ्या हाताकडं बघत राहिलास. मग खिशातून रुमाल काढून काच पुसलीस, स्वच्छ होती तरी.

पुढं पुढं घरून निघाल्यावर गाव संपलं की मीच चालवायची आणि येताना नाक्याच्या अलीकडं, चिंचेखाली, आपण जागा बदलायचो. तू उतरून इकडं यायचास, मी उतरून तिकडं. मी चपला घालायची, घोळ सोडायची, पदर घ्यायची. आणि वकीलसाहेब आपल्या बहिणीला फिरवून आणायलेत अशी मोटर गावात शिरायची. नाक्यावरचा माणूस तुला सलाम करायचा. मला त्याची गंमत वाटायची, अण्णा. लहानपणी आपण अप्पांच्या चोरून पेरू खायचो तसं वाटायचं. आपलं दोघांचं काहीतरी आहे, जगाला ठाऊक नसलेलं. आता कळतं की चोरी तुझी होती आणि चोरलेला माल मी होते.

एकदा विचारलं होतं मी, आठवतंय? थंडीचे दिवस होते. चिंच आली, मी मोटर थांबवली नाही, जरा पुढं नेली. तू माझ्या हातावर हात ठेवलास. म्हणालास, "पुरे." मी म्हटलं, नाक्यावरच्या माणसानं बघितलं तर काय होईल? तू म्हणालास, काही होणार नाही. मग? मग काही नाही, पुरे. मी थांबले. तुझ्या आवाजात काही राग नव्हता, म्हणून मी जास्त विचारलं नाही. राग असता तर भांडले असते.

तुझ्या सुशीचं लग्न गुलबर्ग्याला जमायला लागलं तेव्हा रविवार बंद झाले. मुलगा चांगला, वडील शाळेत हेडमास्तर, माणसं सुधारकी. तू आधी नुसती कामं सांगत राहिलास. या रविवारी अशील येणार, पुढच्या रविवारी टायर खराब. मग एके दिवशी मी सरळ विचारलं तेव्हा ओसरीवर वहिनी, सुशी सगळ्यांसमोर म्हणालास की गुलबर्ग्याच्या लोकांच्या कानावर गेलंय. वकिलाची टाकलेली बहीण मोटर हाकते, असं तिकडं बोलायलेत. पोरीचं लगीन व्हायचंय. आता हे बंद.

टाकलेली. हा शब्द तू त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलास. गुलबर्ग्याच्या लोकांच्या तोंडी घालून, पण तोंड तुझं होतं. सुशी तिथं उभी होती. ती आत निघून गेली.

मी म्हणाले, "मग मला शिकवलंस कामून?"

तू म्हणालास, "पव्हायला शिकलं म्हणून काय रोज हिरीत उडी मारायची व्हय?"

वहिनी हसली, बिचारी, वातावरण हलकं करायला. मी हसले नाही. तूही नाही. हे आपलं भांडण तिथंच राहिलं. मी त्याच्यावर वर्षभर विचार केला आणि मला चांगली उत्तरं सुचली, पण ती द्यायला तू कधी एकटा सापडलाच नाहीस. आठ-दहा दिवसांनी तू रेडिओ आणलास. सगळ्यांना सांगितलंस मालीला गाणी आवडतात. मी त्या रेडिओच्या बटणाला हात लावला नाही. वहिनीनं लावला की उठून जायची. तुला ते दिसत होतं. तू बातम्या मोठ्यानं लावायचास, कुठला तालुका मुंबईकडं आणि कुठला म्हैसूरकडं जाणार याच्या, आणि मला विचारायचास, माले, तुला काय वाटतं, आपण कानडी व्हायचं का? मी म्हणायची, मला काय विचारतोस, मी चालवत नाही. मग तू रेडिओ बंद करायचास.

वर्षभर तू एकटाच मोटर चालवलीस. संध्याकाळी कोर्टातून येताना गल्लीच्या वळणावर ती करकर व्हायची आणि मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता थांबायची.

मग हळ्ळीखेडच्या मावशीचं दुखणं फार झालंय असा निरोप आला. ती तुझी लाडकी, माझीही. वहिनीला होडीत बसायचं नव्हतं, म्हणून मी आले. जाताना आपण फारसं बोललो नाही. ज्वारी कापून झाली होती, शेतं मोकळी होती. मावशीनं तुझा हात धरून ठेवला आणि तिला वाटलं तू अप्पाच आहेस. तू तिला अप्पांच्या आवाजात उत्तर दिलंस. ते बघून माझं सगळं मन तुझ्याकडं परत गेलं होतं, अण्णा. परतताना मी बोलणार होते. तुझा राग सोडला असं म्हणणार होते.

पठाराच्या चढाच्या खाली तू मोटर बाजूला घेतलीस. म्हणालास, जरा दम लागलाय. तोंड राखेसारखं झालं होतं. कपाळावर घाम आणि डावा हात तू दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा मांडीवर धरला होतास. मागं-पुढं कुणी नव्हतं, बस सकाळीच गेलेली. मी म्हणाले, सरक. तू एका शब्दानंही हरकत घेतली नाहीस. उतरलास, मोटरीला धरून फेरी घातलीस आणि माझ्या जागेवर बसलास.

त्या चढावर मी जशी मोटर चालवली तशी परत कधी चालवणार नाही. वर्षभर हात लागला नव्हता, पण पायांना सगळं ठाऊक होतं. तू डोळे मिटून मान मागं टाकली होतीस. मला वाटलं, झोप लागली. मध्येच तू डोळे न उघडता म्हणालास, "चांगलं चालवायलीस." आयुष्यात एकदाच म्हणालास ते. मी म्हणाले, बोलू नकोस, पोचतोच आपण. माळ गेला, नौबाद गेलं. मला खरंच वाटलं पोचतो आपण.

चिंच आली आणि तू म्हणालास, "थांब."

मला वाटलं उलटी होतेय. पाणी हवंय. मी थांबवली. तू दार उघडून उतरलास.

"इथून मी घेतो."

मी म्हणाले, तुला वेड लागलंय का. तू मोटरीच्या पुढून यायला लागलास, एका हातानं पत्र्याला धरून.

"बाजाराचा दिस हाय, माले. सगळं कोर्ट बाजारात असतंय. सुशीचं लगीन व्हायचंय. उतर."

मी उतरले. का उतरले ते मला कुणी विचारू नये आणि तू तर नकोच विचारू. ज्या आवाजात तू उदगीरला चपला घाल म्हणालास त्याच आवाजात तू उतर म्हणालास, आणि त्या आवाजाचं मी जन्मभर ऐकत आले. तू स्टिअरिंगसमोर बसलास. किल्ली फिरवलीस. क्लचवर पाय ठेवलास आणि तो दाबण्याइतकी शक्ती तुझ्या पायात नव्हती. दांडीला झटका दिलास, मोटर ओरडली, पुढं हिसकली आणि बंद पडली. तू स्टिअरिंगवर वाकलास. मला वाटलं तू खाली काहीतरी शोधतोयस.

अण्णा, त्या मोटरीच्या चालकाच्या जागेतून तुझ्यासारख्या उंच माणसाला एकट्या बाईनं कसं बाहेर काढायचं? मी ओढलं. काखेत हात घालून ओढलं. तू गुडघ्यांत अडकला होतास. मी नाक्याकडं पळत गेले, अनवाणी. दोन माणसं आली, त्यातला एक तुला रोज सलाम करणारा. त्यांनी तुला उचलून पलीकडं ठेवेपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मोटर चालू होती तेव्हा वेळ होता. थांबवली तेव्हा तो गेला, एवढं सांगते.

मग मी तुला बाजारातून नेलं. भरल्या बाजारातून, चौबाऱ्याच्या बुरुजाखालून, भाजीवाल्यांच्या मधून, हॉर्न वाजवत. पदर खांद्यावर होता की नाही ठाऊक नाही. सगळ्या बीदरनं बघितलं. ज्याला तू घाबरत होतास ते सगळं झालं आणि तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून होतास, तुला ते बघायला मिळालं नाही.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी तुझ्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, थोडं आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "बाई, ते कसं सांगू." आणि दाराकडं बघायला लागले.

घरी आणल्यावर वहिनीनं विचारलं, शेवटी काय बोलले? सगळे ऐकायला पुढं सरकले. मी म्हणाले, सुशीचं नाव घेतलं. सुशीचं लगीन व्हायचंय म्हणाले. वहिनीनं सुशीला कवटाळलं. पोरगी अजून तेच धरून बसलीय, बाबांच्या तोंडी शेवटी मीच होते म्हणून. खोटं नाही ते. मागचं-पुढचं मी कुणाला सांगितलं नाही, आज तुला सांगतेय आणि तुला ते ठाऊकच आहे.

तेरावा झाल्यावर मोटरीचा विषय निघाला. वसंता म्हणाला, मी हैदराबादला नेतो, इथं ती चालवणार कोण? ओसरीवर वहिनी होती, मामा होते, सुशी होती, नाक्यावरून आलेला माणूसही दारात उभा होता. कुणीच माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम नाही. त्यांच्या मनातच आलं नाही. ज्या बाईनं पंधरवड्यापूर्वी ती मोटर भर बाजारातून दवाखान्याच्या दारात उभी केली ती समोर तांदूळ निवडत बसली होती, आणि चालवणार कोण हा प्रश्न सगळ्यांना पडला. मी चालवते, असं मी म्हणाले नाही. तुझ्याशी वर्षभर न भांडण्याची सवय लागली होती मला. वसंता दुसऱ्या दिवशी घेऊन गेला. गल्लीच्या वळणावर त्यानं गिअर टाकला तेव्हा तोच आवाज आला. त्यालाही जमत नाही. घराण्यातच नाही पुरुषांच्या.

इथवरचं तुझ्यावरच्या रागात मी पचवलं असतं. पण काल गुलबर्ग्याचे व्याही आले. तेराव्याला त्यांना यायला जमलं नव्हतं. हेडमास्तर माणूस, फार हळू बोलतात. वहिनीला म्हणाले, लग्न ठरल्याप्रमाणे होईल, काळजी नको. मग माझ्याकडं वळले आणि म्हणाले, तुम्हीच ना मालतीबाई? तुम्हाला एकदा बघायचं होतं.

मी आत जायला उठले. मला वाटलं, आलं ते मोटरीवरचं बोलणं.

ते म्हणाले, मागच्या वर्षी तू गुलबर्ग्याला गेला होतास तेव्हा त्यांना मोटरीतून किल्ल्याकडं फिरवून आणलंस. गिअर ओरडला तेव्हा त्यांनी तुझी चेष्टा केली. तर तू म्हणालास, माझी बहीण बसली असती तर तुम्हाला गिअर बदललेला कळलाही नसता. मग सगळी वाट तू माझंच सांगत होतास. माळावरचं, शेळ्यांचं, दोनदा क्लच दाबायचं. ते म्हणाले, ऐकून आमच्या घरात सगळ्यांना इतकं नवल वाटलं, आमच्या सूनबाईंनाही आत्यांनी शिकवावं असं आमची मुलं म्हणायला लागली.

गुलबर्ग्याच्या कुणाच्याही कानावर काहीही गेलं नव्हतं, अण्णा. जे गेलं ते तू स्वतः नेलंस. आणि परत आलास आणि ओसरीवर उभा राहून त्यांच्या नावावर मला टाकलेली म्हणालास.

मी त्यांना विचारलं. वहिनी समोर होती तरी विचारलं. म्हटलं, मग गावात का चालवू देत नव्हता, ते बोलला का काही?

त्यांनी वहिनीकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय, आम्ही विचारलं होतं. वकीलसाहेब हसले. म्हणाले, तुमच्यासमोर बोलायला काय जातंय, गावात मला राहायचंय."

व्याही जेवून संध्याकाळच्या बसनं गेले.  रात्री वहिनीनं माझं ताट वाढलं आणि माझं जेवण होईस्तोवर समोर बसून राहिली.

आज सकाळी मी पहिल्यांदा शाळेत गेले. बाजारातूनच गेले, चौबाऱ्याच्या खालून, तुझ्या कोर्टाच्या दारावरून. तुझे वकील मित्र पायऱ्यांवर उभे होते, त्यांनी नमस्कार केला. भाजीवाली म्हणाली, बाई, त्या दिवशी तुमच्यासाठी मीच टोपलं बाजूला ओढलं. नाक्यावरचा माणूस बाजाराला आला होता, त्यानं मला सलाम केला. वर्गात पोरी उभ्या राहिल्या आणि बसल्या. मी वाट बघत होते. दिवसभर वाट बघितली.

कुणी काही बोललं नाही, अण्णा. एक माणूस काही वाईट बोलला नाही.